हायड्रोजनचं अनुदान मागण्याआधी भट्टीचा हिशेब: बेळगावच्या कारखानदारांसाठी

बेळगावच्या फाउंड्रीवाल्याला हायड्रोजन हे नाव नवं नाही. तो त्याला शत्रू म्हणून ओळखतो. वाळूत ओल राहिली, लेडल (वितळलेला धातू ओतायचं भांडं) नीट तापवला नाही, भंगाराला गंज किंवा तेल लागलेलं होतं, की वितळलेल्या धातूत हायड्रोजन शिरतो. मग मशीनिंगला घेतलेल्या कास्टिंगवर (ओतलेल्या भागावर) टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतात आणि माल परत येतो. आता हाच वायू इंधन म्हणून आपल्या दारात येतो आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं ४ जानेवारी २०२३ ला राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली, त्यासाठी १९,७४४ कोटी रुपये ठेवले आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित, म्हणजे मुख्यतः स्वच्छ विजेनं पाणी फोडून काढलेला, हायड्रोजन बनवण्याचं उद्दिष्ट ठरवलं. तेव्हापासून उद्यमबाग, मच्छे, होनगा या बेळगावच्या औद्योगिक वसाहतींत चहाच्या वेळी एक प्रश्न हमखास निघतो: यातलं आपल्या पदरात काय पडेल?

पडेल, पण मागणी योग्य क्रमानं केली तर. आपल्या भट्ट्यांमधल्या बहुतेक आगीला हायड्रोजनची गरजच नाही, तिला स्वच्छ वीज हवी आहे. उरलेल्या थोड्या कामांना मात्र हायड्रोजनवाचून पर्याय नाही, आणि तेवढ्यासाठीच सरकारी पैसा एकत्र येऊन मागायला हवा. हा क्रम उलटा झाला तर अनुदान मिळूनही कारखाना तोट्यात जाईल. म्हणून हा लेख हिशेबापासून सुरू होतो. योजना नंतर येतील.

पहिली पायरी: आग कुठे कुठे आहे ते लिहून काढा

मागच्या बारा महिन्यांची बिलं समोर घ्या: हेस्कॉमची वीज, डिझेल, एलपीजी किंवा पाइपचा गॅस, कोक, आणि पिग आयर्न (झोतभट्टीतून आलेलं कच्चं लोखंड). पिग आयर्न हे इंधन नाही म्हणून बहुतेक जण ते वगळतात, पण ते वगळू नका. का, ते पुढे येतंच आहे.

प्रत्येक आकड्याला कार्बनचा आकडा लावा. एक किलो एलपीजी जळला की साधारण ३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, एक लिटर डिझेलमागे साधारण २.७ किलो, एक किलो कोकमागे तीन किलोच्या थोडा वर. ग्रिडच्या एका यूनिटमागे देशाची सरासरी ०.७ किलोच्या आसपास आहे. इथल्या गणितात मी ०.७२ धरतो.

आता क्युपोला (कोकवर चालणारी भट्टी) आणि इंडक्शन फर्नेस (विजेची भट्टी) शेजारी ठेवून बघा. क्युपोलात एक टन बीड (ओतीव लोखंड) वितळवायला १३० किलो कोक लागतो असं धरा. त्यातून निघतो साधारण ४०० किलो कार्बन डायऑक्साइड. इंडक्शन फर्नेसला टनामागे ६०० यूनिट धरा, म्हणजे ग्रिडच्या विजेवर ४३० किलो. इंडक्शन फर्नेस बसवली आणि आपण स्वच्छ झालो, असं मानणाऱ्यांनी हे दोन आकडे पुन्हा वाचावेत. धूर, धूळ आणि गंधक नक्कीच कमी झाले, उद्यमबागच्या शेजारी राहणाऱ्यांच्या छातीला आराम पडला, हे खरं आहे. कार्बन मात्र उद्यमबागेतून उठून औष्णिक वीज केंद्राच्या चिमणीत गेला. तो खरोखर कमी होतो तो त्याच फर्नेसला सौर किंवा पवन वीज मिळाल्यावर.

आणि पिग आयर्न. झोतभट्टीतून निघालेल्या एका टन पिग आयर्नमागे साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड आधीच वातावरणात गेलेला असतो. बेळगावला येणारं पिग आयर्न कोप्पळ-होसपेट पट्ट्यातून येतं, त्यामुळे तो धूर आपल्याला दिसत नाही. चार्जमध्ये (भट्टीत घालायच्या मालात) टनामागे १०० किलो पिग आयर्न कमी करून चांगलं स्टील भंगार आणि कार्बुरायझर (कार्बन वाढवणारी पूड) वापरलं, तर टनामागे सुमारे २०० किलोची बचत होते, तीही एक रुपयाचं अनुदान न मागता. एसजी आयर्नवाल्यांना (न तुटता वाकणारं बीड ओतणाऱ्यांना) मॅंगनीज आणि बाकी घटक सांभाळावे लागतात, त्यांना हवं तेवढं भंगार टाकता येत नाही, हे मला ठाऊक आहे. ग्रे आयर्नवाल्यांनी (साधं बीड ओतणाऱ्यांनी) मात्र आपली चार्ज शीट या नजरेनं एकदा तपासावी.

दुसरी पायरी: ज्या आगीच्या जागी वीज चालेल ती वेगळी करा

कागदाच्या डाव्या बाजूला वितळवणं, होल्डिंग (वितळलेला धातू गरम ठेवणं), कोअर ओव्हन (वाळूचे गाभे भाजणं), लेडल तापवणं, हीट ट्रीटमेंट (तयार भाग तापवून धातूचे गुण बदलणं), पेंट ओव्हन असं सगळं लिहा. उजव्या बाजूला एकच प्रश्न लिहा: हे काम विजेवर होतं का? वितळवणं होतं. कोअर ओव्हन होतो. पेंट ओव्हन होतो. हीट ट्रीटमेंटच्या बहुतेक भट्ट्या विजेवर मिळतात. लेडल तापवायला विजेचे हीटर आहेत, पण मोठ्या लेडलला ज्वाळा अजून सोयीची पडते.

इथं एक समज खोडून काढायला हवा. क्युपोलातल्या कोकच्या जागी हायड्रोजन टाकता येत नाही. कोक तिथं फक्त जळत नाही. तो चार्जचा भार पेलतो, वायूला वाट करून देतो आणि लोखंडाला कार्बन देतो. हायड्रोजन यातलं एकही काम करत नाही. कोणी सल्लागार क्युपोलाला हायड्रोजनचं किट विकायला आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

तिसरी पायरी: एका दिवसाचं गणित, कागदावर

समजा एका कारखान्यात हीट ट्रीटमेंटला रोज २०० किलो एलपीजी लागतो. वजनाला वजन धरलं तर एक किलो हायड्रोजनमध्ये साधारण २.६ किलो एलपीजीएवढी उष्णता असते. म्हणजे रोज ७७ किलो हायड्रोजन हवा. इलेक्ट्रोलायझर, म्हणजे विजेनं पाणी फोडणारं यंत्र, एका किलोमागे ५० ते ५५ यूनिट खातं. ५३ धरले तर रोज सुमारे ४,१०० यूनिट झाले. एवढी वीज साधारण एक मेगावॉटचा सौर प्रकल्प देतो, त्याला चार एकरांच्या आसपास जागा लागते. एवढं करून वाचतो तो २०० किलो एलपीजी, म्हणजे ६०० किलो कार्बन डायऑक्साइड.

आता तीच ४,१०० यूनिट सौर वीज हायड्रोजन न बनवता थेट इंडक्शन फर्नेसला द्या. ग्रिडची तेवढी वीज वाचली, म्हणजे जवळजवळ २,९५० किलो कार्बन डायऑक्साइड वाचला. तेच पॅनेल, तीच जमीन, तेच ऊन, आणि फायदा पाचपट. माझ्या सगळ्या म्हणण्याचा पाया हा एवढाच आहे. ग्रिडमध्ये कोळसा आहे तोवर स्वच्छ यूनिटाचा पहिला हक्क फर्नेसचा, इलेक्ट्रोलायझरचा नंबर त्यानंतर.

हीच एलपीजीची भट्टी विजेवर नेली तर? गॅसभट्टीतली बरीच उष्णता धुराबरोबर जाते, विजेच्या भट्टीत ती गळती कमी. त्यामुळे ४,१०० यूनिटांच्या ऐवजी दीड हजारांच्या आसपास यूनिटांत तेच काम होतं.

पैशाचंही बघा. वीज साडेचार रुपयांनी मिळाली असं धरलं तर एका किलो हायड्रोजनमागे फक्त विजेचेच २३८ रुपये. यंत्राची किंमत, व्याज, देखभाल वेगळी. एलपीजी ८० रुपये किलो धरला तर २.६ किलोचे २०८ होतात. तुमचे दर वेगळे असतील, ते घालून गणित पुन्हा करा. पण जळणाला जळण अशी तुलना केली तर हायड्रोजन आज हरतो, हे उघड आहे.

पाइपच्या गॅसमध्ये थोडा हायड्रोजन मिसळण्याची कल्पनाही अधूनमधून कोणीतरी मांडतं. दाभोळ-बेंगळुरू गॅसवाहिनी आपल्या भागातून जाते, त्यामुळे ती आपल्याकडे जास्त निघते. आकारमानानं २० टक्के हायड्रोजन मिसळला तर कार्बन कमी होतो जेमतेम ७ टक्के, कारण एक घनमीटर हायड्रोजनमधली उष्णता तेवढ्याच नैसर्गिक वायूच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच असते. वीस म्हणून सांगितलं जातं, हाती सात पडतात.

चौथी पायरी: मग हायड्रोजन खरा कुठं हवा?

त्याची खरी जागा खनिज लोखंडात आहे. कोक किंवा कोळसा खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. हायड्रोजनही तोच ऑक्सिजन ओढतो, पण मागे सोडतो पाणी. एका टन लोखंडाला रसायनाच्या हिशेबानं ५४ किलो हायड्रोजन लागतो. स्वीडनमध्ये एसएसएबी, एलकेएबी आणि वाटेनफाल या तीन कंपन्यांनी सरकारी ऊर्जा संस्थेच्या मदतीनं लुलेओ इथं २०२० मध्ये असा पथदर्शी प्रकल्प सुरू केला आणि २०२१ मध्ये त्या पोलादाचा पहिला माल ग्राहकाला पोचवला. आपल्या जवळ हे काम बळ्ळारी जिल्ह्यातल्या तोरणगल्लूला आहे. तिथं जेएसडब्ल्यूच्या पोलाद कारखान्यालगत इलेक्ट्रोलायझरचा प्रकल्प उभा राहिला, आणि त्यातला हायड्रोजन स्पंज आयर्न (खनिजातून न वितळवता काढलेलं लोखंड) विभागासाठी आहे. बेळगावसाठी याचा अर्थ असा की उद्या हायड्रोजनवर बनलेलं लोखंड आपल्या चार्जमध्ये येऊ शकतं. ते आपल्याला बनवायचं नाही, विकत घ्यायचं आहे.

बेळगावच्या हद्दीत हायड्रोजनच्या खऱ्या जागा दोन. पहिली ॲल्युमिनाची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडच्या पुडीची. हिंडाल्कोच्या बेळगावच्या कारखान्यात जसा ॲल्युमिना बनतो, तसा तो बनवताना हायड्रेट हजार अंशांच्या वर भाजावा लागतो, आणि एवढ्या तापमानाला मोठ्या प्रमाणात वीज पोचवणं अवघड जातं. ऑस्ट्रेलियात ग्लॅडस्टनजवळच्या यारवुन इथं रिओ टिंटो आणि सुमितोमो यांनी हायड्रोजनवर ॲल्युमिना भाजण्याचा प्रकल्प तिथल्या सरकारी अक्षय ऊर्जा संस्थेच्या अनुदानातून हाती घेतला. हे काम मोठ्या कंपनीचं, लहानांचं नव्हे.

दुसरी जागा लहानांची आहे, आणि माझ्या मते बेळगावची सुरुवात तिथूनच व्हावी. ब्राइट ॲनीलिंग, ब्रेझिंग, सिंटरिंग अशा कामांत हायड्रोजन जळण म्हणून नव्हे तर भट्टीतलं वातावरण म्हणून लागतो, म्हणजे धातूवर पापुद्रा धरू नये म्हणून. तो आज सिलिंडरनं येतो. नेहमीच्या ४७ लिटरच्या सिलिंडरमध्ये सात घनमीटर वायू असतो, म्हणजे वजनानं जेमतेम सहाशे ग्रॅम. सहाशे ग्रॅम वायूसाठी पन्नास किलोंहून जड लोखंडी बाटला ट्रकमधून येतो आणि रिकामा परत जातो. तुमचं सिलिंडरचं बिल घ्या, वाहतूक आणि भाडं मिळवा, सिलिंडरच्या संख्येनं भागा, मग ०.६ नं भागा. जो दर निघेल तो एलपीजीच्या २०८ रुपयांशी ताडून बघा. इथं लहान इलेक्ट्रोलायझरला पहिली संधी आहे, कारण त्याची स्पर्धा स्वस्त जळणाशी नसून महागड्या बाटल्याशी आहे.

सिमेंटचं थोडक्यात: मुडलगी तालुक्यातल्या यादवाडसारख्या ठिकाणी चुनखडी भाजतानाच अर्ध्याहून जास्त कार्बन दगडातून बाहेर पडतो, त्याला हायड्रोजन काही करू शकत नाही. साखर कारखान्यांकडे बगॅस (उसाचं चिपाड) आहे, त्यांना हायड्रोजनचं जळण नको. पण गळिताच्या हंगामात सहवीज प्रकल्पातली वीज रात्रीही मिळते, ती पुढच्या पायरीला उपयोगी पडते.

पाचवी पायरी: वीज आणि पाणी

भारताचं हरित हायड्रोजनचं मानक ऑगस्ट २०२३ मध्ये आलं. एका किलोमागे बारा महिन्यांच्या सरासरीनं २ किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड नको. ५३ यूनिटांपैकी जेमतेम ३ यूनिट ग्रिडचे आले तरी ही मर्यादा भरते. सगळी वीज ग्रिडची घेतली तर किलोमागे ३८ किलो कार्बन होतो, नैसर्गिक वायूपासून बनवलेल्या हायड्रोजनच्या जवळजवळ चौपट. म्हणून विजेचा करार आधी, यंत्र नंतर.

२०२२ च्या केंद्रीय हरित ओपन ॲक्सेस नियमांनी वीजभाराची किमान मर्यादा एक मेगावॉटवरून १०० किलोवॉटवर आणली. म्हणजे मध्यम फाउंड्रीलाही बाहेरच्या सौर किंवा पवन उत्पादकाकडून थेट वीज घेता येते. अनेकांनी मिळून सामाईक कॅप्टिव्ह (स्वतःच्या वापरासाठीचा) प्रकल्प काढायचा असेल तर वापरणाऱ्यांचा भांडवली वाटा किमान २६ टक्के आणि वीजवापर किमान ५१ टक्के असावा लागतो. व्हीलिंग (वीज कंपनीच्या तारांवरून वीज आणणं), बँकिंग (जादा वीज ग्रिडमध्ये जमा ठेवणं) आणि अधिभाराचे दर कर्नाटक वीज नियामक आयोगाच्या ताज्या आदेशातूनच घ्या, गेल्या वर्षीच्या कागदावर विसंबू नका. पावसाळ्यात खानापूर-बेळगावकडे ऊन आठवडे दिसत नाही, पण नेमका तोच काळ सौंदत्तीच्या डोंगरावरच्या पवनचक्क्यांचा. सौर आणि पवन यांचं मिश्रण मागा.

पाण्याची भीती मात्र वाटते तेवढी नाही. एका किलोला रसायनाच्या हिशेबानं ९ लिटर शुद्ध पाणी लागतं; आरओचं वाया जाणारं पाणी धरून २० लिटरपर्यंत मोजा. रोज ७७ किलोसाठीही दीड हजार लिटर झाले. लहान टँकरएवढंही नाही. तरी बोअरचं पाणी खारं असेल तर शुद्धीकरणाचा खर्च प्रकल्पात धरा, आणि राकसकोपचं शहराचं पाणी यात न घेता शेडवरचं पावसाचं पाणी साठवायची टाकी दाखवा. अथणीकडच्या गावात हाच प्रकल्प मांडणाऱ्यानं पाण्याचं पान आणखी जपून लिहावं.

इलेक्ट्रोलायझरमधून एका किलो हायड्रोजनबरोबर ८ किलो ऑक्सिजनही निघतो. गॅसकटिंगला ऑक्सिजन आपण विकतच घेतो. हा जमेचा आकडा बरेच जण प्रकल्प अहवालात लिहायलाच विसरतात.

सहावी पायरी: सरकारी पैशाची योग्य खिडकी

मिशनच्या १९,७४४ कोटींपैकी १७,४९० कोटी ‘साइट’ या भागात आहेत. त्यात हायड्रोजन बनवणाऱ्याला किलोमागे पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ५० रुपये, मग ४०, मग ३० असं तीन वर्षं प्रोत्साहन मिळतं. ऐकायला छान वाटतं. पण पहिल्याच निविदेत इलेक्ट्रोलायझरच्या गटात बोली किमान वर्षाला १०,००० टनांची होती. आपले रोजचे ७७ किलो म्हणजे कामाचे तीनशे दिवस धरून वर्षाला २३ टन. ही खिडकी आपली नाही, तिथं रांगेत उभं राहून वेळ घालवू नका.

आपल्या उंचीच्या खिडक्या अशा. पोलाद क्षेत्रातल्या पथदर्शी प्रकल्पांसाठी २०२९-३० पर्यंत ४५५ कोटी ठेवले आहेत, आणि ते पोलाद मंत्रालयामार्फत जातात. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या प्रकल्पांत सेलच्या रांचीच्या संशोधन केंद्राबरोबर सिम्प्लेक्स कास्टिंग्ज ही कंपनीही आहे, आणि तिच्या गटात आयआयटी भिलाई आहे. ओतकाम करणारी कंपनी अशा यादीत येऊ शकते, हे त्यातून दिसलं. तिच्या सोबतीला संशोधन संस्था होती, हेही लक्षात घ्या. बेळगावात विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. त्यांच्या धातुशास्त्राच्या प्रयोगशाळेचा दरवाजा अर्ज करायच्या आदल्या दिवशी नव्हे, वर्षभर आधी ठोठवा. मिशनमध्ये संशोधनासाठीही ४०० कोटींची वेगळी तरतूद आहे आणि तिथं संस्थेचं नाव पुढे असलेलं बरं.

वीज वाचवणाऱ्या यंत्रांसाठी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची ‘अदिती’ योजना जुलै २०२५ मध्ये सुरू झाली. तरतूद १,००० कोटी. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना कर्जाच्या व्याजात ५ टक्के, मध्यमांना ३ टक्के सवलत. क्षेत्रांच्या यादीत फाउंड्री आणि फोर्जिंग दोन्ही आहेत, आणि यंत्रानं किमान १० टक्के ऊर्जा वाचवलेली दाखवावी लागते. दुसऱ्या पायरीत वेगळी केलेली सगळी कामं, म्हणजे जुनी फर्नेस बदलणं, गॅसभट्टी विजेवर नेणं, या योजनेत मांडून बघा. अर्जाआधी यादीत आपला क्लस्टर आहे का ते पोर्टलवर तपासा.

तिसरी खिडकी सूक्ष्म व लघु उद्योगांच्या क्लस्टर विकास कार्यक्रमाची. सामाईक सुविधा केंद्राला पाच ते दहा कोटींच्या प्रकल्पात ७० टक्के आणि दहा ते तीस कोटींच्या प्रकल्पात ६० टक्के केंद्राचं अनुदान असतं. यात बेळगावनं मांडावी अशी एक कल्पना आहे: उद्यमबाग-मच्छे परिसरासाठी एक सामाईक हीट ट्रीटमेंट केंद्र. भट्ट्या विजेच्या, भट्टीतलं वातावरण हायड्रोजन-नायट्रोजनचं, त्या हायड्रोजनसाठी लहान इलेक्ट्रोलायझर, छपरावर सौर पॅनेल, आणि शेजारी धातूची चाचणी प्रयोगशाळा. दहा-पंधरा कारखाने जे काम आज वेगवेगळ्या गॅसभट्ट्यांत आणि सिलिंडरवर करतात ते एका छपराखाली येतं. हायड्रोजन हाताळायला शिकलेली माणसंही तयार होतात. मिशनचा मोठा पैसा पुढे लहानांसाठी खुला झाला, तर त्या दिवशी आपल्याकडे दाखवायला चालू केंद्र असेल.

इथं स्वतःचा एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी मिळून एका यंत्रासाठी अनुदान मंजूर करून घेतलं. मंजुरीचं पत्र आल्यावर पेढे वाटले. पैसा मात्र खर्च करून, तपासणी होऊन, उपयोगिता प्रमाणपत्र देऊन, मगच हप्त्यांनी येणार होता. एक सही अडली, आणि शेवटचा हप्ता दीड वर्ष उशिरा आला. तोवर बँकेच्या व्याजानं अनुदानाचा बराच भाग खाल्ला होता. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो: अनुदान शून्य आलं किंवा उशिरा आलं असं धरून रोख रकमेचा तक्ता बनवा. त्या तक्त्यात दोन वर्षं तग धरता येत असेल तरच सही करा. युरोपातही हेच दिसलं. आर्सेलरमित्तलनं २०२५ मध्ये जर्मनीतले दोन हरित पोलाद प्रकल्प सोडून दिले. १३० कोटी युरोंची सरकारी मदत समोर असूनही वीज महाग आणि हायड्रोजन नाही, म्हणून गणित बसलं नाही. यंत्राला मिळालेला पैसा रोजच्या विजेचं बिल भरत नाही.

सातवी पायरी: एकत्र येणं आणि कागद

सामाईक केंद्रासाठी वेगळी कंपनी काढावी लागते. भागधारक कोण, कोणाचा माल आधी जाणार, दर कोण ठरवणार, एखादा बाहेर पडला तर त्याच्या वाट्याचं काय, हे सगळं अर्जाआधी लिहून ठेवा. नात्यागोत्यात आणि जुन्या ओळखीत हे बोलायला संकोच वाटतो. पण क्लस्टरांमध्ये भांडणं यंत्रावरून होत नाहीत, रांगेवरून होतात.

प्रकल्प अहवालात पहिल्या पायरीचा बारा महिन्यांचा तक्ता सगळ्यात पुढे लावा. जमिनीचा आरटीसी उतारा किंवा औद्योगिक वसाहतीचं वाटपपत्र, विजेच्या भाराचं हेस्कॉमचं पत्र, पाण्याचा स्रोत, भागधारक कारखान्यांची काम देण्याची लेखी हमी, बँकेचं तत्त्वतः मंजुरीपत्र हे जोडा. राज्याच्या कार्यालयात कागद कन्नडमध्ये चालतात, केंद्राकडे इंग्रजीत. दोन्ही भाषांत नीट लिहिणारा माणूस सुरुवातीपासून सोबत ठेवा, शेवटच्या आठवड्यात भाषांतर करून घेतलेल्या अर्जात आकडे हमखास चुकतात. आपसातला करार मात्र सगळ्यांना नीट समजेल अशा मराठीतही वाचून दाखवा.

माल युरोपला जात असेल तर आणखी एक कागद. युरोपच्या सीमेवरचा कार्बन कर १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीच्या टप्प्यात आला. सगळं ओतकाम त्यात येत नाही. पाइप फिटिंगचा ७३०७, बोल्ट-नटांचा ७३१८, इतर वस्तूंचा ७३२६ असे गट येतात. आपल्या मालाचा सीमाशुल्क कोड आधी बघा. लोखंड-पोलादाच्या मालात सध्या थेट जळणाचा आणि कच्च्या मालातला कार्बन मोजला जातो, विजेचा नाही. म्हणजे तिथं पिग आयर्न आणि एलपीजीच्या आकड्याला जास्त वजन आहे. ग्राहक कंपन्या मात्र विजेचाही आकडा विचारतात, म्हणून दोन्ही ठेवा.

आठवी पायरी: सुरक्षा, आणि पहिली चाचणी

हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात हायड्रोजन पेट घेतो. एलपीजीचा पट्टा साधारण २ ते १० टक्के, म्हणजे कितीतरी अरुंद. पेटायला लागणारी ठिणगी इतकी लहान की कपड्यावरच्या स्थिर विजेनंही भागतं. ज्वाळा दिवसा जवळजवळ दिसत नाही. एलपीजी जमिनीलगत साठतो म्हणून आपण खाली झरोके ठेवतो. हायड्रोजन वर चढतो, म्हणून छताच्या शिखराला उघडीक हवी आणि डिटेक्टरही वरच हवेत. जुनी एलपीजीची पाइपलाइन, व्हॉल्व्ह, बर्नर यांवर हायड्रोजन चालवू नका. काही पोलादं या वायूनं ठिसूळ होतात आणि सांधे गळतात.

दाबाखालचा साठा आणि सिलिंडर यांसाठी पेसो या केंद्रीय संस्थेची परवानगी लागते, तिचं मुख्यालय नागपूरला आहे. शिवाय कारखाने विभाग, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि अग्निशमन दल. शक्यतो साठा कमी ठेवा. लागेल तेवढाच बनवणारी मांडणी परवानगीलाही सोपी आणि झोपेलाही. सूचनांचे फलक मराठी, कन्नड आणि हिंदी तिन्हींत लावा, कारण भट्टीवर आज खानापूरचा मुलगा असतो, रामदुर्गचा असतो आणि बिहारचाही. फलक लावला म्हणजे काम झालं असं समजू नका. महिन्यातून एकदा खरा सराव घ्या, रात्रपाळीलाही.

यंत्र विकत घेण्याआधी सिलिंडरच्या हायड्रोजनवर एका लहान भट्टीत किंवा एका लेडल बर्नरवर चाचणी करा. तो हायड्रोजन हरित नसेल, पण इथं तपासायचा आहे तो धातूवरचा परिणाम. हायड्रोजन जळला की निघते वाफ, म्हणजे लेडलच्या अस्तरावर आणि भट्टीत ओल जास्त. ज्वाळाही जास्त तापते, त्यामुळे नायट्रोजन ऑक्साइड वाढू शकतात. धुराचं मोजमाप घ्या. एकाच हीटमधला (एका वेळी वितळवलेला) धातू, अर्धा नेहमीच्या गॅसवर तापवलेल्या लेडलमधून आणि अर्धा हायड्रोजनवर तापवलेल्या लेडलमधून ओता. दोन्हींची किमान पन्नास-पन्नास कास्टिंग मशीनिंगला घ्या, काही कापून बघा, पिनहोल मोजा आणि आकडे दोन रकान्यांत लिहा. हायड्रोजनच्या रकान्यात भोकं जास्त दिसली, तर लेडल गॅसवर किंवा विजेवरच राहू द्या आणि हायड्रोजनची मागणी फक्त हीट ट्रीटमेंटच्या वातावरणापुरती करा.